वापरलेला स्कूबा रेग्युलेटर : वॉरंटी कोणाची, सर्व्हिसिंगची जबाबदारी कोणावर?

अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीप, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, पुद्दुचेरी, गोवा आणि सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली ही ठिकाणे स्कूबा डायव्हिंगसाठी देशभर परिचित झाली आहेत. पाण्याखालच्या भ्रमंतीचे रीतसर प्रशिक्षण घेणारे बहुतेक जण सुरुवातीला केंद्राचेच साहित्य भाड्याने वापरतात. पुढे छंद वाढला की स्वतःचे साहित्य असावे, असे वाटू लागते. या साहित्यात रेग्युलेटर हा सर्वांत महागड्या घटकांपैकी एक असतो. तो प्रामुख्याने परदेशातून येतो आणि नव्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे वापरलेल्या रेग्युलेटरकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे.

अशा विक्रीत 'आजीव वॉरंटी', 'नुकतेच सर्व्हिसिंग केलेले', 'फारसे न वापरलेले' हे तीन शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतात. या तिन्हींचा अर्थ खरेदीदार समजतो त्यापेक्षा बराच वेगळा असू शकतो. बहुतांश कंपन्यांची वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली की ती संपुष्टात येते. दुसऱ्या मालकाच्या हाती उरतो तो रेग्युलेटरच्या देखभालीचा इतिहास आणि पुढे त्याची देखभाल होण्याची शक्यता. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय किंमत ठरवणे धोक्याचे आहे.

रेग्युलेटरचे कार्य

भरलेल्या स्कूबा सिलिंडरमध्ये हवेचा दाब सामान्यतः २०० बार किंवा त्याहून अधिक असतो. ही हवा थेट फुप्फुसात घेता येत नाही. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत कमी करतो. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतक्यावर आणतो. याला मध्यम दाब म्हणतात. तोंडात धरायचा दुसरा टप्पा तो भोवतालच्या दाबाइतका करतो आणि श्वास घेतला जाईल तेवढ्यापुरतीच हवा सोडतो. फ्रेंच नौदल अधिकारी जॅक कुस्तो आणि अभियंते एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या उपकरणापासून हे तत्त्व मनोरंजनासाठी होणाऱ्या डायव्हिंगमध्ये रूढ झाले.

पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे १ बार दाब वाढतो. २० मीटरवर एकूण दाब ३ बार होतो, म्हणजे पृष्ठभागाच्या तुलनेत प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा खर्च होते. आजच्या प्रचलित रेग्युलेटरची रचना अशी असते की, बिघाड झाल्यास हवा बंद पडण्याऐवजी ती सतत वाहू लागावी. यामुळे श्वास लगेच तुटत नाही; मात्र २०० बारपर्यंत भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरमधील सुमारे २,४०० लिटर हवा काही मिनिटांतच संपू शकते. अशा वेळी पाणबुड्याला नियोजन सोडून वर यावे लागते आणि घाईने वर येणे हेच पाण्याखाली सर्वाधिक धोक्याचे असते. म्हणूनच झडपेच्या एका झिजलेल्या सीटचा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

'आजीव' वॉरंटीचा अर्थ

अनेक नामांकित कंपन्या रेग्युलेटरवर 'लिमिटेड लाइफटाइम' अर्थात मर्यादित आजीव वॉरंटी देतात. यातील 'आजीव' हा शब्द बहुधा मूळ खरेदीदाराच्या मालकीच्या काळाशी जोडलेला असतो. 'मर्यादित' या शब्दात पुढील अटी सामावलेल्या असतात.

पहिली अट, खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून झालेली असावी आणि त्याची पावती उपलब्ध असावी. दुसरी, ठरावीक मुदतीत अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासणी व सर्व्हिसिंग झालेले असावे आणि त्याची नोंद असावी. तिसरी, ओ-रिंग, सीट, फिल्टर, माउथपीस, नळ्या असे झिजणारे भाग साधारणतः वॉरंटीबाहेर असतात. ती धातू आणि कारागिरीतील दोषांपुरती मर्यादित असते. चौथी, भाड्याने देण्यासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी वापरलेल्या साहित्याला एकतर वॉरंटी नसते किंवा तिची मुदत कमी असते. पाचवी, वॉरंटी अनेकदा ज्या देशात वा प्रदेशात खरेदी झाली तेथेच लागू होते.

काही कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या देशांत, नियमित सर्व्हिसिंग करणाऱ्या मूळ मालकाला सुटे भाग विनामूल्य देण्याच्या योजना राबवल्या. या योजना वॉरंटीहून वेगळ्या असतात आणि त्यांचा लाभही सहसा दुसऱ्या मालकाला मिळत नाही. विक्रेता अशा योजनेचा उल्लेख करून किंमत वाढवत असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरील सध्याच्या अटी वाचूनच त्यावर विश्वास ठेवावा.

वॉरंटी पहिल्या मालकापुरती ठेवणे कायद्यात बसते का, असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार 'पूर्ण' आणि 'मर्यादित' असे वॉरंटीचे दोन प्रकार आहेत. 'पूर्ण' वॉरंटी तिच्या मुदतीत जो कोणी मालक असेल त्याला लागू होते. 'मर्यादित' वॉरंटीला हे बंधन नाही. परदेशी रेग्युलेटरच्या वॉरंटी-पत्रावर 'लिमिटेड' हा शब्द का असतो, याचे एक कारण यातून स्पष्ट होते.

भारतातील कायद्याची स्थिती

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. व्यवसाय म्हणून वापरलेले डायव्हिंग साहित्य विकणाऱ्या दुकानाकडून वा केंद्राकडून स्वतःच्या वापरासाठी खरेदी केल्यास खरेदीदार 'ग्राहक' ठरतो आणि सदोष वस्तूबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या व्याख्येत येत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वस्तू वापरणाऱ्याला कायद्याने यातून सूट दिली आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रशिक्षकांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपला जुना रेग्युलेटर विकला, तर परिस्थिती बदलते. विक्री करणे हा त्या व्यक्तीचा व्यवसाय नसतो. अशा व्यवहाराला मालविक्री कायदा, १९३० आणि भारतीय करार कायदा, १८७२ यांचा आधार उरतो. मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून केलेल्या विक्रीत वस्तू त्या वर्णनाशी जुळणे ही गृहीत अट असते. वस्तूच्या दर्जाविषयीची गृहीत अट मात्र मुख्यतः त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला लागू होते. करार कायद्यानुसार हेतुपुरस्सर खोटी माहिती देऊन घेतलेली संमती रद्द ठरवता येते; परंतु विक्रेत्याने केवळ मौन पाळले, तर ती प्रत्येक वेळी फसवणूक ठरत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, जे विचारले नाही आणि लिहून घेतले नाही, ते नंतर सिद्ध करणे कठीण जाते. मॉडेल, दोन्ही टप्प्यांचे अनुक्रमांक, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख, ज्ञात दोष आणि ठरलेली किंमत एवढे पाच तपशील कागदावर किंवा संदेशाच्या रूपात लेखी घ्यावेत.

परदेशातून जुना रेग्युलेटर कुरिअरने मागवण्याचा विचार असल्यास आणखी एक बाब लक्षात घ्यावी. भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित वर्गात मोडते आणि तिला परवानगी लागते. सीमाशुल्क विभागात अडकलेल्या वस्तूचा खर्च आणि मनस्ताप अखेर खरेदीदारालाच सोसावा लागतो.

सर्व्हिसिंग म्हणजे काय

'सर्व्हिसिंग केले आहे' असे सांगणारा विक्रेता प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही सांगत असू शकतो : गोड्या पाण्याने धुऊन पुसणे, वार्षिक तपासणी किंवा पूर्ण ओव्हरहॉल.

तपासणीत रेग्युलेटर न उघडता मध्यम दाब, श्वास घेण्यास लागणारे बळ आणि गळती पाहिली जाते. ओव्हरहॉलमध्ये दोन्ही टप्पे सुटे केले जातात. धातूचे भाग अल्ट्रासोनिक यंत्रात स्वच्छ केले जातात. ओ-रिंग, उच्च व कमी दाबाच्या सीट आणि फिल्टर हे भाग कंपनीच्या ठरावीक किटमधून बदलले जातात. योग्य वंगण लावून जोडणी झाल्यावर मध्यम दाब पुन्हा ठरवून दिला जातो. या कामाचे प्रशिक्षण उत्पादक कंपन्या देतात आणि किट सहसा आपल्या अधिकृत केंद्रांनाच पुरवतात.

पूर्ण सर्व्हिसिंगची पावती ओळखणे अवघड नसते. तीत मॉडेल, अनुक्रमांक, बदललेल्या किटचा उल्लेख, सर्व्हिसिंगनंतरचा मध्यम दाब, तारीख आणि तंत्रज्ञाचे वा केंद्राचे नाव असते. पावतीवर एकच अनुक्रमांक असेल, तर आणीबाणीसाठी असलेल्या दुसऱ्या माउथपीसचे, म्हणजे 'ऑक्टोपस'चे काम झाले का, हे विचारावे. खर्च वाचवण्यासाठी हा भाग वगळला जाण्याची शक्यता असते आणि संकटात सोबत्याला तोच द्यावा लागतो.

मुदत : वर्षे आणि डायव्ह

पूर्वी दरवर्षी सर्व्हिसिंग हा सर्वसाधारण नियम मानला जाई. अलीकडे अनेक उत्पादकांनी दरवर्षी तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डायव्हनंतर पूर्ण सर्व्हिसिंग, यांपैकी जे आधी होईल ते, असे वेळापत्रक स्वीकारले आहे. ॲटॉमिक ॲक्वाटिक्ससारख्या कंपनीच्या काही मॉडेलना दोन वर्षे किंवा ३०० डायव्हची मुदत आहे. नेमकी मुदत मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावी. उष्ण कटिबंधातील खारे पाणी, वाळू आणि दमट हवा यांमुळे आपल्याकडे देखभालीची ढिलाई लवकर अंगलट येते.

'फारसे न वापरलेले' हे वर्णन नेहमीच गुण ठरत नाही. रबर वापरावाचून जुने होते, वंगण सुकते आणि झडपेची कड सीटवर सतत दाबून राहिल्याने तिच्यावर वण उमटतो. चार-पाच वर्षे कपाटात पडून असलेला, चार डायव्हचा रेग्युलेटर ओव्हरहॉलविना पाण्यात नेण्यायोग्य समजू नये. याउलट, डायव्हिंग केंद्राने विक्रीला काढलेल्या भाड्याच्या रेग्युलेटरने शेकडो डायव्ह केलेले असले, तरी त्याच्या नियमित सर्व्हिसिंगची वही असू शकते. अशी वही पाहायला मिळाली आणि नोंदी सलग असल्या, तर तो सौदा अधिक भरवशाचा ठरू शकतो. वॉरंटी या दोन्हींतही नसते.

सुटे भाग मिळतील का?

वापरलेल्या रेग्युलेटरचे खरे आयुष्य त्याच्या धातूवर कमी आणि किटच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून असते. क्रोमचा मुलामा दिलेले पितळी भाग नीट जपल्यास दशकानुदशके टिकतात. मात्र उत्पादकाने किट बनवणे थांबवले की उत्तम स्थितीतील रेग्युलेटरही निरुपयोगी होतो. अमेरिकेत १९५४ मध्ये सुरू झालेला डॅकॉर हा एकेकाळचा मोठा ब्रँड होता. पुढे तो इटलीच्या मॅरेस कंपनीच्या छत्राखाली गेला आणि कालांतराने बंद झाला. या नावाचे जुने रेग्युलेटर आजही विक्रीस दिसतात. त्यांचे भाग मिळवणे मात्र कठीण असते.

म्हणून सौदा करण्याआधी आपल्या जवळच्या अधिकृत केंद्राला तीन प्रश्न विचारावेत. या मॉडेलचे किट आज मिळते का? ते येण्यास किती दिवस लागतात? दोन्ही टप्पे आणि ऑक्टोपस मिळून एकूण खर्च किती? भारतात अशी केंद्रे मोजक्याच ठिकाणी आहेत. आपल्या शहरात केंद्र नसेल, तर रेग्युलेटर पाठवण्याचा खर्च आणि लागणारा कालावधीही हिशेबात धरावा.

अनुक्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. उत्पादनात दोष आढळल्यास कंपन्या विशिष्ट मॉडेल वा अनुक्रमांकांचे साहित्य परत मागवतात. अशा सूचना कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आणि अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. वॉरंटी संपलेली असली, तरी सुरक्षेसाठी जाहीर झालेल्या दुरुस्तीबाबत दुसऱ्या मालकानेही चौकशी करावी. अनुक्रमांक खोडलेला असल्यास मात्र व्यवहार टाळावा. साहित्य चोरीचे असण्याची शक्यता असते आणि अधिकृत केंद्र ते स्वीकारेलच असे नाही.

खरेदीपूर्वीची पाहणी

काही दोष उघड्या डोळ्यांनी दिसतात. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीदार फिल्टरचा रंग पाहावा. हिरवट छटा आत खारे पाणी शिरून धातू गंजल्याची खूण असते. तांबूस भुकटी लोखंडी सिलिंडरमधील गंज दर्शवते. काळा थर कॉम्प्रेसरमधील तेल वा कोळशाच्या कणांकडे बोट दाखवतो. नळ्या दोन्ही टोकांशी वाकवून भेगा पाहाव्यात. टोकांवरील संरक्षक आवरण असल्यास ते सरकवून पाहावे. माउथपीसला चावल्याची छिद्रे असल्यास तो बदलावा लागतो. हा खर्च मात्र किरकोळ असतो.

साधी चाचणी सिलिंडरविनाही करता येते. पहिल्या टप्प्याचे तोंड झाकणाने घट्ट बंद करून माउथपीसमधून हळुवार श्वास ओढावा. हवा आत येत राहिली, तर पडदा, झडप किंवा आवरण यांत कोठेतरी गळती आहे.

यापुढची चाचणी सिलिंडर आणि मध्यम दाब मोजणाऱ्या मापकाच्या साहाय्याने जाणकाराने करावी. दाब पुस्तिकेतील मर्यादेत स्थिरावला पाहिजे आणि काही मिनिटे तेथेच राहिला पाहिजे. तो हळूहळू वर सरकत असेल, तर उच्च दाबाची सीट झिजलेली असते. हवा आपोआप वाहू लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. त्यानंतर संपूर्ण संच पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. मापकाचा काटा शून्यावर परततो का, हेही तपासावे.

जोडणीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. सिलिंडरच्या झडपेवर कमानीने आवळला जाणारा 'योक' आणि आट्यांनी आत बसणारा 'डिन' असे दोन प्रकार प्रचलित आहेत. आपण जेथे डायव्ह करतो तेथील सिलिंडरशी जोडणी जुळते का, हे आधी पाहावे. युरोपीय बनावटीच्या रेग्युलेटरवर 'ईएन २५०' हे मानक नोंदलेले असते. त्यासाठी ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनाच्या वेगाने चाचणी घेतली जाते. मात्र ही खूण रेग्युलेटरच्या मूळ रचनेची ग्वाही देते, त्याच्या आजच्या स्थितीची नव्हे.

हवेपेक्षा अधिक ऑक्सिजन असलेले नायट्रॉक्स मिश्रण वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनसाठी खास स्वच्छ केलेले भाग आणि ऑक्सिजनशी सुसंगत वंगण लागते. 'नायट्रॉक्ससाठी योग्य' असा जुना रेग्युलेटर मध्यंतरी साध्या सिलिंडरवर वापरला गेला असल्यास ती स्वच्छता गृहीत धरता येत नाही.

सौद्याचा हिशेब

वापरलेल्या रेग्युलेटरची खरी किंमत विक्रेता सांगतो ती नसते. तीत पूर्ण सर्व्हिसिंग, जुन्या नळ्यांची बदली, पाठवणीचा खर्च आणि गरज भासल्यास जोडणी बदलण्याचा खर्च मिळवावा. सर्व्हिसिंगची विश्वासार्ह पावती नसेल, तर ते झालेले नाही असे समजूनच बेरीज करावी. ही बेरीज नव्या, साध्या पण वॉरंटी असलेल्या रेग्युलेटरच्या जवळ जात असेल, तर नवा घेणे शहाणपणाचे ठरते.

दोन्ही बाजूंना न्याय्य ठरणारी एक पद्धत अशी आहे. किंमत आधी ठरवावी, मात्र व्यवहार अधिकृत तंत्रज्ञाच्या तपासणीच्या अधीन ठेवावा. तपासणीचा खर्च खरेदीदाराने द्यावा. मोठा दोष निघाल्यास सौदा रद्द व्हावा किंवा किंमत कमी व्हावी, असे आधीच लेखी ठरवावे. रेग्युलेटर पसंत पडल्यास ओव्हरहॉल खरेदीदाराच्या नावानेच करून घ्यावे. कंपनीची वॉरंटी हस्तांतरित होत नसली, तरी झालेल्या कामाची हमी केंद्र देत असेल, तर ती पावतीवर ज्याचे नाव असेल त्याला मागता येते. दुसऱ्या मालकाच्या पदरी पडणारी ती जवळजवळ एकमेव हमी असते.

सर्व्हिसिंगनंतरचा पहिला वापर खोल समुद्रात करू नये. सर्व्हिसिंग करताना झालेली चूकही पहिल्याच वापरात उघड होऊ शकते. आधी तरणतलावात किंवा उथळ, शांत पाण्यात, जाणकार सोबत्यासह दोन्ही माउथपीसमधून श्वास घेऊन पाहावा. प्रत्येक डायव्हनंतर पहिल्या टप्प्याचे झाकण लावून रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवावा आणि पाण्यात असताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये. ते दाबल्यास पाणी नळीत शिरते. नव्या मालकाने पहिल्या दिवसापासून स्वतःची नोंदवही ठेवावी. तारीख, डायव्हची संख्या, तपासणी आणि बदललेले भाग यांच्या नोंदी पुढील सर्व्हिसिंगची वेळ चुकू देत नाहीत आणि कधी हा रेग्युलेटर विकायचा झालाच, तर पुढच्या खरेदीदाराला विश्वासाने दाखवता येतील असा पुरावाही त्याच असतात.